उंबऱ्याबाहेरची तयारी

“ते आधी बाहेर ठेव. आणि हात धुऊन ये.”

सरांनी नाकाला रुमाल लावला होता. माझ्या हातात सुकसीची पुडी होती. आम्ही ढिवर, मासेमारीवर जगणारे. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही ही आमची रीत, म्हणून आईनं तळ्यातली मासळी वाळवून, त्यातली चांगली निवडून बांधून दिली होती. अंगणातल्या नळावर मी हात धुतले. सर म्हणाले, साबण लाव. लावला. मग त्यांनी मला उंबऱ्याबाहेर बसवलं आणि तिथूनच नागपूरच्या मुलाखतीची तयारी सुरू झाली.

मला इंजिनिअरिंगला जायचं होतं, आणि नागपूरच्या एका कॉलेजात मुलाखत घेऊनच जागा देत. अशी तयारी करून घेणारे गडचिरोलीत तेवढे एकच सर मला ठाऊक होते. उठून जाणार कुठे?

“वडील काय करतात?”

“मासे मारतात.”

“असं सांगशील तिथे? शेती सांग.”

मी शेती म्हटलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मोठ्यानं. आमच्याकडे शेताचा तुकडासुद्धा नव्हता.

घरी आले. रडू येत होतं, रागही येत होता, आणि दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं. आईनं विचारलं, “आवडली का सरायले सुकसी?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाबा ओट्यावर जाळं सांधत होते. मुलाखत म्हणजे काय असते, त्यांनी विचारलं. सांगितलं तर हसले आणि स्वतःच साहेब होऊन बसले.

“बोल पोरी, तुहा बाप का करते?”

“शेती.”

त्यांचं हसू गेलं. मान खाली घालून ते जाळ्याला गाठी मारत राहिले.

“बराबर हाय. असंच सांगजो. अन् मी नाई येत तुह्यासंगं नागपुरले. माह्या हाताचा वास जात नाई.”

त्यांना मी नळाचं काही सांगितलं नव्हतं. साबणाचंही नाही. तरी त्यांना सगळं ठाऊक होतं. या माणसाला आजवर किती दारांतून परत धाडलं असेल! माझा जीव तुटला. आणि आता परत धाडणाऱ्यांत मीही होते.

दुसऱ्या खेपेला सरांकडे गेले तेव्हा बसले नाही.

“वडील काय करतात?”

“मासे मारतात.”

“सीट जाईल.”

“जाऊ द्या.”

तयारी तिथेच संपली. दुसरं कुणी शिकवणारं मिळालं नाही. मुलाखतीच्या दिवशी बाबांना हट्टानं एसटीत बसवलं. सगळ्या वाटेत ते म्हणत होते, “मी फाटकापाशीच थांबतो, आत नाई येत.” इंग्रजीत विचारलं तर काय, हेही ठाऊक नव्हतं. एवढंच पक्कं होतं की मुलाखत घेणाऱ्यांनी विचारायच्या आधी मीच सांगणार होते: मी ढिवराची पोरगी. जागा द्यायची तर मला द्या. बाप लपवून मिळणारी जागा मला नको.