एकोणपन्नास नंबरचा ह्यूगो

म्यूनिकजवळच्या गार्चिंगला मी गणितात मास्टर्स करायला गेले आणि तिथे मला एकोणपन्नास हा आकडा येत नाही, असं निष्पन्न झालं. विद्यापीठात हे कुणाला कळलं नाही, कारण तिथल्या गणितात आकडेच नसतात. कळलं ते कॅसिनोत.

दोन हजार चौदाच्या आसपासची गोष्ट. खोलीचं भाडं निघावं म्हणून मी दर शनिवारी दुपारी एका तळ्याकाठच्या गावी जायचे आणि तिथल्या कॅसिनोत पेयं वाटायचे. लोकांना वाटतं, कॅसिनोतली वेट्रेस म्हणजे झगमगता झगा आणि मान वेळावत चालणं. मला मिळाला काळा वेस्टकोट, सपाट बूट आणि सूचनांचा भडिमार. ट्रे डाव्या तळहातावर, ग्लास उजवीकडून. पाहुणा आणि त्याचं जुगाराचं मशीन यांच्या मधून जायचं नाही. ग्लास बटणांवर ठेवायचा नाही. हरणाऱ्याकडे बघून हसायचं नाही आणि जिंकणाऱ्याकडे बघून फार हसायचं नाही, कारण शेजारचा हरत असतो. पहिल्याच दिवशी बारवरून ‘एक ह्यूगो!’ अशी हाक आली आणि मी ह्यूगो नावाच्या माणसाला शोधत हॉलभर फिरले. ह्यूगो हे पुदिना घातलेलं फसफसत्या वाइनचं पेय असतं आणि त्या वर्षांत अख्खा बव्हेरिया ते पीत होता.

हॉलमधल्या मशीनना एक ते नव्व्याण्णव असे नंबर होते. पाहुणे जागेवरून ऑर्डर द्यायचे, आमची शिफ्टप्रमुख ग्लास भरून माझ्या ट्रेवर ठेवायची आणि नंबर पुकारायची. जर्मनमध्ये एकक आधी आणि दशक नंतर बोलतात. बाकीच्या परदेशी मुलींना त्यानेच घाम फुटायचा. मी मात्र खूश होते. एकवीस, बावीस, तेवीस, आपलंही तसंच की! माझे पस्तीस, बेचाळीस, सत्तावन्न कधीच चुकले नाहीत.

पण एकोणपन्नासला बसणाऱ्या बाईंचा ह्यूगो मी दर वेळी एकोणचाळीसला नेऊन द्यायचे. का, ते मलाही कळत नव्हतं. बाई तहानलेल्या, आणि एकोणचाळीसवरचे हिरव्या लोकरी जाकिटातले पेन्शनर आजोबा न मागितलेल्या पुदिन्याकडे टक लावून बघत बसलेले. भिडस्त माणूस. पहिल्यांदा त्यांनी मुकाट्याने एक घोट घेतला, आणि त्याच क्षणी त्यांच्या मशीनवर दिवे लागले, घंटा वाजल्या, आणि आजोबांनी चक्क माझा हात हातात घेऊन हलवला.

त्या दिवसापासून त्यांची श्रद्धा बसली. पण श्रद्धेला नियम होते. एकदा मी म्हटलं, ‘‘ह्यूगो आणू का?’’ तर ते दचकलेच. ‘‘नाइन, नाइन! नको! मागवलेलं चालत नाही. चुकून यायला हवं.’’

शिफ्टप्रमुखाची श्रद्धा मात्र नव्हती. एका शनिवारी तिने मला बर्फाच्या मशीनपाशी बोलावलं. ‘‘आल्झो, हे बघ, तुझी प्रोबेत्साइट महिनाअखेर संपते. तू गणित शिकतेस ना? मग नंबर तरी ऐक. हे असंच चाललं तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल.’’

प्रोबेत्साइट म्हणजे नोकरीतला परीक्षेचा काळ. त्यात नापास झाले तर नोकरी जाणार, नोकरी गेली तर खोली जाणार, आणि म्यूनिकच्या आसपास दुसरी खोली मिळायला पुढचा जन्म घ्यावा लागणार. माझी पाचावर धारण बसली. रविवारी घरी फोन लावला.

‘‘जय भीम, बाबा.’’

‘‘जय भीम. आवाज का बसलाय?’’ बाबा शाळेत गणित शिकवतात. आवाजावरूनसुद्धा त्यांना उत्तर चुकलेलं कळतं.

मी सगळं सांगितलं. मागून आईने विचारलं, ‘‘त्या ट्रेमध्ये असतं तरी काय?’’ मी म्हटलं, ‘‘पुदिन्याचं सरबत.’’ खोटं नव्हतंच ते, फक्त अपुरं होतं.

बाबांनी विचारलं, ‘‘ते एकोणपन्नास कसं म्हणतात?’’

‘‘नॉयन-उंड-फिर्त्सिश. नऊ आणि चाळीस.’’

मग बाबा हसायला लागले, खोकला लागेपर्यंत हसले. ‘‘अगं वेडाबाई! ते म्हणतात चाळीसवर नऊ. तू चाळीस ऐकतेस, त्याआधी नऊ ऐकतेस, आणि आपल्याकडे नवाचा आकडा म्हटलं की एकोण. झालं तुझं एकोणचाळीस! एकोण म्हणजे एक उणा. ते नऊ वाढवतात आणि तू एक कमी करतेस. कान जर्मनीला गेला, डोकं अजून इथे पाढे म्हणतंय.’’

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला रडावं की हसावं कळेना. दुसऱ्या शनिवारपासून मी प्रत्येक नॉयनला जागच्या जागी थांबून, ओठ हलवून हिशोब करायला लागले. ह्यूगो बरोबर एकोणपन्नासला पोचला. बाईंनी डोळे मिटून पहिला घोट घेतला. एकोणचाळीसवर आजोबा हरले.

पुढच्या शनिवारी पुन्हा हरले. माझा ट्रे दिसला की ते आशेने मान उंच करायचे, आणि मी पुढे गेले की त्यांचा चेहरा पडायचा. मला इतकं वाईट वाटायचं की दोनदा मी मुद्दाम चुकायच्या बेतात होते. पण खोली डोळ्यांसमोर यायची.

प्रोबेत्साइटच्या शेवटच्या दिवशी आजोबांनी बारवर जाऊन रीतसर तक्रार केली. ‘‘ही मुलगी पूर्वी फार चांगली होती. आता बिघडली.’’

शिफ्टप्रमुखाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आजोबा जुने पाहुणे, त्यांना दुखवून चालणार नव्हतं. ते जागेवर जाऊन बसल्यावर तिने गुपचूप एक ह्यूगो भरला आणि माझ्या ट्रेवर ठेवला. ‘‘नॉयन-उंड-ड्रायसिश. चुकल्यासारखं दाखव. आणि हा शेवटचा.’’

मुद्दाम चुकायचं, तेही मुळीच न चुकता! मी इतकी घाबरले होते की ओठ हलवायचंच विसरले. ड्रायसिश म्हणजे तीस, त्याआधी नऊ, झालं एकोणतीस. ताठ मानेने गेले आणि ग्लास ठेवला तो एकोणतीसवर. तिथे एक गृहस्थ डुलक्या घेत होते. त्यांनी डोळे उघडून पुदिना पाहिला आणि ‘वास?’ म्हणजे ‘काय?’ एवढंच म्हणाले.

मागून आरोळी आली. एकोणचाळीसवरून आजोबा धावत येत होते. त्यांनी त्या गृहस्थांची माफी मागितली, ग्लास दोन्ही हातांत धरला आणि हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘गेनाऊ! अगदी बरोबर! ही खरी चूक!’’ जागेवर जाऊन घोट घेतला, बटण दाबलं. मशीन गप्प. पुन्हा दाबलं. गप्पच. आजोबांची मात्र तक्रार नव्हती. म्हणाले, ‘‘आज मशीन चुकलं.’’

मी बारकडे वळले तेव्हा शिफ्टप्रमुख तोंडावर टॉवेल धरून हसत होती. आता संपलंच, असं मला वाटलं. डोळे पुसून तिने विचारलं, ‘‘नऊ असलेला कुठला नंबर तुझा कधीच चुकत नाही?’’

मी मनातल्या मनात पाढा म्हणत गेले. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, सगळीकडे एक उणा. आणि अगदी शेवटी नव्व्याण्णव. तिथे मराठीसुद्धा आधी नऊ म्हणते, मग नव्वद. कुणी कुणाला उणं करत नाही.

‘‘नव्व्याण्णव,’’ मी म्हटलं.

‘‘जा, मग नव्वदच्या पुढची शेवटची रांग तुझी.’’

खोली टिकली, नोकरीही टिकली. शेवटच्या रांगेत मी वर्षभर पेयं वाटली आणि एकदाही चुकले नाही. आजोबा मात्र पहिल्याच शनिवारी उठून नव्व्याण्णववर येऊन बसले होते. दर वेळी मी त्यांना त्यांनी मागितलेली बिअर अचूक नेऊन द्यायचे, ते ‘डांके’ म्हणून आभार मानायचे, आणि बिअरमध्ये कुठे पुदिना दिसतोय का, ते एकदा वाकून बघायचे.