कंट्रोलर काकांचं कॉर्क दर्शन

कंट्रोलर काकांनी एकदा स्वतःच्या बायकोला एसटी स्टँडवर ठेवून गाडी सोडली होती. ही गोष्ट ते आपणहून सांगत, पहिल्याच भेटीत सांगत, आणि सांगून झाल्यावर समोरच्याकडे असे बघत, की आता कौतुक करायला हरकत नाही. काकू भावाच्या हळदीला माहेरी निघाल्या होत्या. गाडी अकोल्याहून सकाळी सात-चाळीसची. काकू स्टँडच्या फाटकातून आत शिरल्या तेव्हा सात-चाळीस होऊन गेले होते. काकांनी खूण केली, कंडक्टरने डबल बेल दिली, गाडी गेली. "पुढची साडेनऊची होती, तिनं गेली ती," काका सांगत. "पोचली तोवर हळद आटोपली होती. पण त्या दिवसापासून एकही ड्रायव्हर मला 'साहेब, जरा थांबू का' म्हणाला नाही." काकूंचं यावर काय म्हणणं होतं, असं मी एकदा विचारलं. "काय असणार? टाइमटेबल तिलाही माहीत होतं," असं उत्तर मिळालं.

त्यांचं खरं नाव वानखडे. एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते, म्हणून आम्ही सगळे त्यांना कंट्रोलर काका म्हणायचो. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. दोन हजार चार साली त्यांचा मुलगा राहुल याने त्यांना सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आणलं आणि ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. राहुल आणि माझा नवरा एकाच ऑफिसात. माझ्या व्हिसावर मला नोकरी करायची परवानगी नव्हती आणि काकांना त्यांच्या व्हिसावर करण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे आमची ओळख फार भरभर वाढली.

तिसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःला काम लावून घेतलं. आमच्या कॉम्प्लेक्सच्या तोंडाशी सकाळी पिवळी स्कूल बस यायची. काका सात-पंचेचाळीसला कानटोपी घालून तिथं हजर. हातात वही. बस किती वाजता आली, किती वाजता सुटली, उशीर झाला असेल तर कारण काय, असे रकाने त्यांनी पट्टीने आखले होते. माझी मुलगी अन्वी तेव्हा पहिलीत होती आणि बुटाची लेस बांधायला तिला जेवढा वेळ लागे तेवढ्यात माझा स्वयंपाक व्हायचा. बसची ड्रायव्हर, एक पांढऱ्या केसांची बाई, दार उघडं ठेवून हसत थांबायची. काका वहीत लिहायचे, 'दीड मिनिट. कारण: लेस.' "असं थांबत राहिलं तर देश चालायचा नाही," ते मला म्हणाले. देश त्यानंतरही चालू राहिला, पण काकांना ते पटलेलं दिसत नव्हतं.

प्रेक्षणीय स्थळांबद्दल त्यांची मतं ठाम होती. आम्ही त्यांना ट्रेनने शिकागोला नेलं, उंच इमारतीच्या टोकावर चढवलं, तळं दाखवलं. ते सगळं त्यांनी शांतपणे पाहून घेतलं आणि परतीची ट्रेन चार मिनिटं उशिरा आल्याचं तेवढं राहुलला रात्री जेवताना सांगितलं. नेपरव्हिलमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं मी विचारल्यावर म्हणाले, "उपनगरात बघण्यासारखं काही नसतं. शहरात इमारती बघायच्या असतात. उपनगरात फक्त आपली माणसं असतात, नाहीतर काही नसतं."

त्यामुळे जुलैत एकदा चहा पिता पिता त्यांनी "मी कॉर्कला जाऊन येतो म्हणतो" असं जाहीर केलं तेव्हा मी कप खाली ठेवला. आयर्लंडमधलं कॉर्क. का, तर शहर बघायला. इतकं जग सोडून कॉर्कच का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. राहुलच्या बायकोने मला आधीच सगळं सांगितलं होतं. काकांची मुलगी सुजाता तिथं नर्स होती. शहरापासून बसने वीस मिनिटांवर बिशपस्टाउन नावाचं उपनगर आहे, तिथं ती नवऱ्याबरोबर राहत होती, आणि काका तिच्याशी तीन वर्षं बोलले नव्हते.

नवरा केरळचा, तिच्याच हॉस्पिटलातला. पण काकांचा राग त्यावर नव्हता. "जातधर्म विचारणारा माणूस माझ्या घरात पाणीसुद्धा पिऊन गेलेला नाही," ते म्हणत, आणि ते खरं होतं. राग होता तो वेळेवर. सुजाताने तिकडे रजिस्टर लग्न केलं आणि वडिलांना फोन केला तो तीन दिवसांनी. अकोल्याच्या विहारात तिचा मंगल परिणय कसा लावायचा, पाहुणे कुठे उतरवायचे, कोणाला कोणत्या गाडीने आणायचं, हे सगळं काकांनी मनात आखून ठेवलं होतं. त्यांनी फोनवर ऐकून घेतलं, "गाडी सुटली" एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला. नेपरव्हिलला तिचे फोन यायचे, ते राहुल घ्यायचा. काका खोलीतून बाहेर जायचे, पण फार लांब जात नसत.

व्हिसाचा फॉर्म मी भरला. प्रवासाचं कारण? "पर्यटन." राहण्याचं ठिकाण? राहुलने शहरातल्या बस स्टेशनजवळची एक खोली बुक केली होती, सकाळच्या नाश्त्यासकट. मग प्रश्न आला, आयर्लंडमध्ये तुमचे कोणी नातेवाईक आहेत का? काका खिडकीबाहेर बघत बसले. मी पेन हातात धरून थांबले.

"खोटं लिहायचं नाही," शेवटी ते म्हणाले. "लिही, मुलगी आहे."

"पत्ता?"

त्यांनी घरनंबर, रस्ता, सगळा पत्ता न अडखळता सांगितला. कुठे बघितलंही नाही.

"काका, मग तिला कळवते ना येताय म्हणून?"

"फॉर्ममध्ये तसं विचारलंय का?"

"नाही."

"मग कशाला आगाऊपणा?"

ऑगस्टमध्ये ते गेले. आठ दिवस होते. मी राहुलला रोज विचारायचे, भेटले का? राहुल म्हणायचा, "यार, बाबा फोनवर फक्त बसचं टाइमिंग सांगतात." काकांनी एवढा समुद्र ओलांडून जावं आणि त्या मुलीचं तोंड न बघता परत यावं, हे त्यांच्या स्वभावात बसत होतं, आणि म्हणूनच मला झोप लागत नव्हती.

परत आल्यावर त्यांनी आम्हाला कॉर्क दर्शन घडवलं. वही उघडून, क्रमाने. कॉर्कमधून नदी जाते, ती शहरात दोन फाट्यांत वाहते, त्यामुळे माणूस पूल ओलांडतो आणि पुन्हा नदीच समोर येते. "नियोजन नाही," काका म्हणाले. छपराखालचा जुना बाजार आहे, मासे चांगले, मांडणी स्वच्छ, पण भाव करू देत नाहीत. एका मोठ्या चर्चच्या छपरावर सोन्याचा देवदूत आहे, त्याच्या हातात कर्णे आहेत. जवळच्या गावात एक पडका किल्ला आहे, तिथं उलटं लटकून एका दगडाचं चुंबन घेतलं की माणसाला बोलायची कला येते म्हणतात. मोठी रांग होती. "मी नाही गेलो. मला बोलायला काय अडचण आहे?" काका म्हणाले. राहुल, त्याची बायको आणि मी, तिघंही कुठेतरी दुसरीकडे बघायला लागलो.

त्यांना सर्वांत जास्त लागलं होतं ते शँडनचं चर्च. टेकडीवर उंच मनोरा, चार बाजूंना चार घड्याळं, आणि चारही वेगवेगळी वेळ दाखवणारी. गावातले लोक त्याबद्दल कौतुकाने बोलतात, हे काकांच्या आकलनापलीकडचं होतं. ते खालून प्रदक्षिणा घालून आले आणि चारही वेळा त्यांनी वहीत टिपल्या. वर घंटा आहेत आणि त्यांचे दोर पाहुण्यांना ओढू देतात. कोणता दोर कधी ओढला की कोणतं गाणं वाजतं, त्याचे कागदही ठेवलेले असतात.

"तुम्ही कोणतं वाजवलंत?" मी विचारलं.

"गाणं कशाला? डबल बेल दिली आणि उतरलो."

मग त्यांनी वही मिटली. बिशपस्टाउनचा उल्लेख नाही. राहुलने विचारलं नाही, कारण तो त्यांचाच मुलगा होता. मी दोन दिवसांनी, ते माझ्याकडे चहाला आले असताना, ती वही वाचायला मागितली. त्यांनी दिली, म्हणून मला धीर आला. सहा दिवस रोजची एकच नोंद होती. सकाळी नऊची बस, शहर ते बिशपस्टाउन. तिथल्या स्टॉपवर मुक्काम. दहा-दहाची बस, बिशपस्टाउन ते शहर. रविवार ते गुरुवार, पाच दिवस, दहा-दहा म्हणजे दहा-दहा. शुक्रवारी मात्र दहा-बारा लिहिलं होतं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, 'प्रवासी.'

"कोण प्रवासी, काका?"

"असतात. बसला उशीर प्रवाशांमुळेच होतो."

त्यांनी चहा संपवला आणि वही घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात अन्वीची शाळा सुरू झाली. लेस अजूनही तशीच होती, ड्रायव्हर बाई तशीच थांबत होती. काका शेजारी उभे असायचे, पण वही आणायचे नाहीत.

ऑक्टोबरमध्ये सुजाता नवऱ्याला घेऊन नेपरव्हिलला आली. दारात ती उभी राहिली आणि मी चमकले, कारण काकांचंच नाक, काकांचीच मान ताठ धरायची ढब. जेवताना राहुलने तिला सरळ विचारलं, आणि तिने सांगितलं. काका भातावर वरण घेत होते.

"पहिल्या दिवशी किचनच्या विंडोमधून दिसले," सुजाता म्हणाली. "समोरच्या स्टॉपवर, बाकावर. मला वाटलं, भास होतोय. मग त्यांनी खिशातून पट्टी काढली. म्हटलं, हे बाबाच."

"मग हाक का नाही मारलीस?"

"ते आलेत तर ते येतील ना दारात. मी का जाऊ?" हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. "पाच दिवस ते बाकावर आणि मी खिडकीत. पाऊस यायचा, छत्री उघडायचे. दहा-दहाला बसमध्ये चढून जायचे. माझी ड्यूटी दुपारची होती. शुक्रवारी शिफ्ट चेंज झाली, आणि मी ते विसरूनच गेले. दहाला हॉस्पिटलातून फोन. बूट नीट घातले नव्हते, तशीच धावत सुटले. बसचं दार बंद होत होतं. माझी गेलीच होती ती बस."

नवऱ्याने तिच्या पुढ्यात पाण्याचा ग्लास सरकवला.

"बाबा चढले होते. ते परत खाली आले, एक पाय पायरीवर ठेवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, वेट. वन लेडी इज कमिंग. तो म्हणाला, टाइम झालाय. तर बाबा म्हणाले, आय नो द टाइम. शी इज माय डॉटर."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. बिशपस्टाउन ते हॉस्पिटल, एक शब्द नाही. तिचा स्टॉप आला तेव्हा त्यांनी विचारलं, "डबा घेतलास का?" तिने नाही म्हणून मान हलवली. दुपारी ते छपराखालच्या बाजारातून पाव आणि चीज घेऊन हॉस्पिटलच्या दारात उभे होते. शेवटचे दोन दिवस ते तिच्या घरी राहिले आणि जावयाने केलेली माशाची आमटी त्यांनी दोनदा मागून घेतली.

"एक मिनिट थांबवली बस बाबांनी," राहुल म्हणाला. "स्वतः."

"दोन मिनिटं," काका म्हणाले. "वहीत आहे."

आम्ही सगळे हसलो. मी हसता हसता रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही.

नोव्हेंबरमध्ये त्यांचे सहा महिने संपले. विमानतळावर राहुल गाडी पार्क करायला गेला आणि सिक्युरिटीच्या रांगेजवळ आम्ही दोघंच उभे राहिलो. ते अर्थातच साडेतीन तास आधी आले होते. मी त्यांना चिडवायला म्हटलं, "काका, एकतीस वर्षांची शिस्त मोडलीत की हो शेवटी."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग ते रांगेतल्या लोकांकडे बघू लागले.

"मंदा काही उशिरा आली नव्हती," ते म्हणाले. मंदा म्हणजे काकू. "म्हणजे आली होती, पण अर्धंच मिनिट. मला फाटकापासून दिसत होती. धावत होती. लोकं लांबून हात दाखवतात, मग ड्रायव्हर थांबतो. तिला हात दाखवता आला नाही."

"का?"

"दोन्ही हातांत पिशव्या होत्या."

त्यांनी बॅग उचलली. राहुल येईपर्यंत थांबा ना, असं मी म्हणणार होते, पण ते थांबलेच होते. त्यांच्या मागून आलेल्या माणसांना ते एकेक करून पुढे सोडत होते.

पुढे दीड वर्षाने काका अकोल्यात गेले, झोपेत, कुणालाही उशीर न करता. ती वही सुजाताने मागून घेतली. आमची अन्वी आता पाचवीत आहे आणि लेस तिला अजून नीट बांधता येत नाही. मी दारात तिचं दप्तर धरून उभी असते आणि तिला घाई करत नाही.