बाभळीच्या अलीकडे

माझ्या बाबांना हळू बोलता येत नसे. मिलच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात अर्धं आयुष्य गेलेलं. घरी साधं मीठ मागितलं तरी आमच्या छत्रीबाग मोहल्ल्यातल्या चार घरांना कळायचं की आज आमच्या आमटीत काय कमी आहे. आई कपाळाला हात लावायची.

हेच बाबा रविवारी शहराबाहेरच्या यशवंत सागर तलावावर गेले की तोंडातून अवाक्षर काढत नसत. मिलची मंडळी सुटीला दाल-बाफल्यांचं, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, सामान बांधून तलावावर जायची. काठावर एक बाभूळ होती. तिथपर्यंत वाटेल तेवढा गोंधळ, मात्र तिच्यापाशी आलं की बोलणं बंद, कारण समोर सारस पक्ष्यांची जोडी असायची, माणसाएवढी उंच, लाल मानेची. मग सगळा कारभार हातांनी, लूमखात्यात चालायचा तसाच. तिथे माणसाचा आवाज ऐकूच येत नसे, म्हणून कारागिरांनी हातांची भाषा करून ठेवली होती. तळहात पुढे-मागे सरकवला की माग नीट चालू आहे. दोन्ही मुठी जवळ आणून झटक्यात दूर केल्या की धागा तुटला, थांबा. मला ती भाषा मराठीच्या जोडीनेच आली.

मग मिल बंद पडली. भोंगा वाजेनासा झाला, बाबांचे जोडीदार पांगले. कोणी पोलोग्राउंडच्या कारखानी वसाहतीत एखाद्या वर्कशॉपात लागला, कोणी गावी गेला. बाबांनी मनाशी ठरवलं की आपण लोकांना पक्षी दाखवायला न्यायचं. शहरात तेव्हा नव्या गाड्या येऊ लागल्या होत्या आणि रविवारी त्या कुठे मिरवायच्या हा लोकांपुढे मोठाच प्रश्न होता. बाबा त्यांना बाभळीपाशी थांबवत, दोन-चार खुणा शिकवत आणि पुढे न जाण्याची अट घालत. मीही प्रत्येक वेळी सोबत जायची. मला वाटायचं, आता हे असंच कायम चालणार.

त्या वर्षी भादव्यात सारसांनी उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून अंडी घातली. मला पिल्लू बघायचं होतं. इतकं की शाळेत फळ्यावरही मला तेच दिसे.

"चालायला लागलं की आईबापामागे ते स्वतःच उघड्यावर येईल," बाबा म्हणाले होते. "तेव्हा इथूनच दिसेल. आपण त्याच्याकडे जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं."

पुढच्या रविवारी शहरातल्या अन्नपूर्णा भागातली मंडळी आली. त्यातल्या एका गृहस्थाच्या गळ्यात नवाकोरा कॅमेरा होता.

"काकाजी, इतक्या दुरून काय मजा? जरा पास जाऊन फोटो घेऊ द्या ना. अभी गया, अभी आया!"

"अंडी आहेत तिथे, भिया. बाळंतिणीच्या खोलीत फोटो काढायला शिरतं का कोणी?" बाबा त्यांच्या मानाने पुष्कळच हळू म्हणाले.

गृहस्थ हसला आणि चालू लागला. त्याच्यामागे बाकीचे. बाबा धावत पुढे गेले, त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही मुठी झटकल्या. धागा तुटला, थांबा. मिलची माणसं असती तर पाय जागीच खिळले असते. ही माणसं बाजूने निघून गेली. बाबांनी आवाज काढला असता तर अख्ख्या तलावाला ऐकू गेला असता. पण पक्षी बिथरतील म्हणून ते ओरडले नाहीत, नुसत्या मुठी झटकत राहिले.

व्हायचं तेच झालं. सारस कर्कश ओरडत उडाले. बाबांनी सगळ्यांना परत फिरवलं. बाफले डब्यात तसेच राहिले.

"आता या मोसमात इथे यायचं नाही," ते म्हणाले. "आपली चाहूल नसली तरच ते अंड्यांवर परततील."

"फक्त बाभळीपर्यंत!" मी रडत होते.

"नाही."

"मग पिल्लू झालं की नाही, कळणार कसं?"

"नाही कळणार," बाबा म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. त्या मोसमात गेले नाहीत, आणि मग जाणं राहूनच गेलं. पोलोग्राउंडच्या एका कारखान्यावर चौकीदारी मिळाली आणि रविवारची सुटी गेली. पुढे गुडघे गेले, कान तर पार गेले. पण घरी बाफले झाले की हमखास विचारायचे, "बसले असतील ना गं परत?" सगळी गल्ली ऐकायची. मी तळहात पुढे-मागे सरकवायची. माग नीट चालू आहे. ते मान हलवायचे आणि जेवू लागायचे. खरं काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बाबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी तलावावर गेले. पक्षी दाखवणाऱ्या एका मुलीबरोबर आम्ही चार-सहा जण होतो. बाभूळ आता नाही. पण त्या पोरीने आम्हाला जवळपास तिथेच थांबवलं. "आंटी, इथूनच बघायचं हां," ती कुजबुजली. मला तिचे लाड करावेसे वाटले.

गवतातून सारसांची जोडी बाहेर आली. आणि त्यांच्यामागून, अडखळत, दालचिनी रंगाचं एक पिल्लू आपणहून उघड्यावर आलं.

माझा हात आपोआप वर गेला. तळहात पुढे-मागे सरकू लागला.

"आंटी, काही हवंय का?" मुलीने हळूच विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं. मला बाबा हवे होते, ती खूण वाचायला.