निम्म्या भावातले सूर

म्युनिकला मी चार दिवस एकटा राहिलो. लोक विचारतात, तिथं काय काय पाहिलंत? मी चर्च पाहिली, कारण आत जायला पैसे पडत नाहीत आणि ऑर्गन ऐकायला मिळतो. भाजीबाजार पाहिला, कारण तिथं पांढरा मुळा मिळायचा. एक बाई तो मोठ्या शिताफीनं गोल कापून, मीठ लावून कागदावर द्यायची. मुळा आणि काळा पाव यांवर माझं दुपारचं भागायचं. संग्रहालयांच्या मी फक्त पायऱ्या पाहिल्या.

मी पेट्या बनवतो. गाण्याच्या साथीच्या, हातानं भाता मारायच्या पेट्या. एका नृत्यपथकाबरोबर मी युरोपात गेलो होतो, पण वाजवायला नाही. ओलाव्यानं लाकूड फुगलं, पट्टी अडकली, भाता फाटला, तर दुरुस्त करायला एक माणूस हवा होता, म्हणून मला घेतलं. दौरा संपला. पथक इटलीतल्या जेनोआहून बोटीनं परत जाणार होतं आणि मधे चार दिवस मोकळे होते. बाकीचे पॅरिस बघायला गेले. मी हातखर्चाला मिळालेले पैसे सबंध दौऱ्यात साठवले होते, ते बंडीच्या आतल्या खिशात शिवले आणि म्युनिकची गाडी धरली.

मला जर्मन सूर हवे होते. पेटीच्या आत पितळेच्या लहान पट्ट्या असतात, त्यांतून वारा गेला की आवाज निघतो. त्यांना आम्ही सूर म्हणतो. लढाईच्या आधी ते जर्मनीतून यायचे. नंतर आयात बंद झाली आणि सगळे देशी सुरांवर आले. पुण्यात ज्या दुकानात मी हे काम शिकलो, तिथल्या मालकांनी जुने जर्मन सूर काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवले होते. नऊ वर्षं मी त्यांच्याकडे भात्याचं कातडं चिकटवलं, लाकडं घासली, काळ्यापांढऱ्या पट्ट्या बसवल्या. जर्मन सूर बसवायची वेळ आली की म्हणायचे, "तू लाकडाचं बघ रे." पुढे मी स्वतःचं दुकान काढलं. चांगलं चालायला लागलं. तर येणाऱ्या प्रत्येक गवयाला मालक सांगायचे, "पोरगा पेटी उत्तम करतो. पण सूर देशी." माझ्या पेट्यांत काही कमी नव्हतं. पण हा 'पण' माझ्या दुकानाच्या पाटीला चिकटून बसला तो बसलाच. मला एकच पेटी अशी करायची होती की तो शब्द त्यांना गिळावा लागेल.

स्टेशनामागच्या गल्लीत एका बाईंकडे भाड्याची खोली होती. साठीच्या असतील, उंच, हाडापेरानं मजबूत. लढाईनंतर त्यांनी अमेरिकन सैन्याच्या मुदपाकखान्यात काम केलं होतं, त्यामुळे माझ्याइतकंच मोडकं इंग्रजी त्यांना येत होतं. शेजारच्या इमारतीची अजून नुसती पुढची भिंत उभी होती आणि तिच्या खिडक्यांतून आभाळ दिसायचं. बाईंनी खोलीचं भाडं सांगितलं. मी म्हटलं, जास्त आहे.

"न्याहारी धरून आहे," त्या म्हणाल्या.

"न्याहारी नको."

त्यांनी न्याहारीचे पैसे वजा केले. मला हुरूप आला. म्हटलं, अजून कमी करा. त्या म्हणाल्या, मग अंघोळीचं गरम पाणी मिळणार नाही. मी म्हटलं, चालेल. तिथून शेगडीचा कोळसा गेला, चादर बदलणं गेलं, दुसरी उशी गेली. प्रत्येक वेळी त्या न चिडता आकडा कमी करत होत्या, आणि एवढी सरळ बाई मला आयुष्यात भेटली नव्हती. रात्री थंडीनं दात वाजायला लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी एका खाटेचं आणि चार भिंतींचं भाडं ठरवलं आहे. सकाळी स्वयंपाकघरातून कॉफीचा वास आला. बाईंनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं, स्वतःच्या पावाला लोणी लावलं आणि अगदी प्रेमानं विचारलं, "झोप लागली का?" खाण्याचं मला काही विचारलं नाही. मी मागितलं नव्हतं ना.

दोन दिवस मी वाद्यांची दुकानं पालथी घातली. पायीच, कारण ट्रामचे पैसे मला परवडत नव्हते. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. घरोघरी पूर्वी पाय मारायचे हार्मोनियम असायचे, ते आता कुणी वाजवत नाही, सूर कशाला ठेवायचे? तिसऱ्या दिवशी, शनिवारी, नदीपलीकडे एका बोळात एक दुकान सापडलं. म्हातारा दुकानदार, करडा झगा, कानामागे पेन्सिल. त्याला इंग्रजीचा शब्द येत नव्हता. मी कागदावर पेटीचं चित्र काढलं. तो आत गेला आणि एक लांबट खण घेऊन आला. तेलकट कागदाच्या घड्यांत ओळीनं सूर झोपलेले होते. दुहेरी पेटीला दोन ओळी लागतात, जाड आवाजाची खर्जाची आणि तिच्या वरची नराची. दोन्ही होत्या, अख्ख्या.

मी एक सूर उचलला आणि ओठाला लावून फुंकला. आमच्याकडे सूर असाच पारखतात. म्हातारा दचकला. "नाइन, नाइन," म्हणजे नको नको, म्हणत त्यानं तो माझ्या हातातून घेतला, स्पिरिटच्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा जागेवर ठेवला. मग कागदावर किंमत लिहिली.

तेवढे पैसे माझ्याकडे होते, पण दिले असते तर बोटीपर्यंत उपास पडला असता. आणि पहिल्या बोलीला माल उचलणारा माणूस मी नव्हे. मी आकडा खोडला आणि खाली बरोबर निम्मा लिहिला. म्हाताऱ्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सुरांवरून हात फिरवत काहीतरी विचारलं. मला वाटलं, हा रडगाणं लावणार. मी हातानं ठासून सांगितलं, एवढेच. आणि आमच्या रीतीप्रमाणे टोपी घालून बाहेर पडलो.

रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाठ फिरवायची, सावकाश चालायचं, मागं बघायचं नाही. दहा पावलांत हाक येते. मी बोळाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, हाक आली नाही. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. शेजारच्या दुकानातले कंगवे पाहिले. बर्फाचा भुरभुर पाऊस सुरू झाला. माझा संताप वाढत होता, कारण एवढा वेळ ताणणारा दुकानदार मी पुण्याच्या बोहरी आळीतसुद्धा पाहिला नव्हता. शेवटी दुपारी दुकानं बंद व्हायला लागली तेव्हा मीच परत गेलो, तोंड असं करून की काहीतरी विसरलोय.

म्हाताऱ्यानं दिवा चालू ठेवला होता. पुडकं बांधून तयार होतं आणि त्यावर मी लिहिलेला निम्मा आकडा होता. मी पैसे मोजले. त्यानं माझ्याशी हात मिळवला, दाराला कुलूप लावलं आणि गेला.

मी पूल ओलांडला तो जवळजवळ नाचत. जर्मनीत भाव करता येत नाही म्हणणाऱ्या आमच्या पथकातल्या शहाण्यांची तोंडं डोळ्यांपुढे येत होती. पुडकं हलकं लागत होतं, पण आनंदात सगळंच हलकं लागतं. त्या दिवशी मी दोन मुळे खाल्ले.

घरी येऊन स्वयंपाकघराच्या टेबलावर पुडकं सोडलं. बाई बटाटे सोलत होत्या. आत नराची ओळ होती. खर्जाची नव्हती.

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि मराठीत बोललो म्हणून त्या घरात राहू शकलो. चोर, ठक, थेरडा, एवढं तरी बाईंना सुरावरून समजलं असावं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"नीट सांगा. त्यानं किती मागितले?"

मी सांगितलं.

"तुम्ही किती दिले?"

"निम्मे."

"आणि त्यानं किती माल दिला?"

"निम्मा. म्हणूनच म्हणतो, चोर आहे."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची धरावी लागली. "अहो, निम्मे पैसे, निम्मा माल. गेनाऊ, अगदी बरोबर. तो गरीब बिचारा म्हणाला असेल, परदेशातला माणूस, पैसे कमी आहेत, अर्धे तरी घेऊन जाऊ दे. आणि तुम्ही बाहेर काय करत होतात?"

"त्याच्या हाकेची वाट बघत होतो."

"तो तुमची वाट बघत होता. शनिवारी दुपारी. जेवण सोडून." त्या पुन्हा बटाट्यांकडे वळल्या. "मला वाटलंच होतं. तुम्ही माझ्याकडची उशी अशीच घालवलीत."

मी म्हटलं, हा व्यवहार झाला का? माणसानं भांडायचं कुणाशी? त्या म्हणाल्या, माझ्याशी भांडा, मी रिकामीच आहे. मी त्यांच्याशी बराच वेळ भांडलो. आमच्या बाजाराची रीत त्यांना समजावून सांगितली. त्यांना ती फार आवडली, पण पटली नाही. "म्हणजे दोघंही पहिल्यापासून खोटा आकडा सांगता आणि दोघांनाही ते माहीत असतं?" मी म्हटलं, हो. "मग खरा आकडा कुणाला माहीत असतो?" मला असला प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी विषय बदलला.

राग थोडा निवल्यावर मी हिशेबी विचार केला. नर जर्मन, खर्ज देशी. दोन्ही एका पेटीत बसवले तर ऐकणाऱ्याला काय कळणार आहे? मालकांनासुद्धा कळणार नाही. पैसे वाचले, बोटीपर्यंत जेवण झालं. पथकाच्या पेटीतला एक फुटका देशी खर्ज माझ्या हत्यारांच्या पिशवीत होता. तो मी झटकला, पुसला, फुंकला. मग एक जर्मन नर फुंकला. पुन्हा देशी. पुन्हा जर्मन. बाईंनी नळ बंद केला.

"हा वरचा आमच्या चर्चमधल्या ऑर्गनसारखा आहे," त्या म्हणाल्या. "बॉम्ब पडायच्या आधी होता तो. दुसरा काय आहे, बदक?"

तो फुटका होता, मी म्हटलं. पण फुटका नसता तरी मला ऐकू येत होतं. आपल्या कानाशी भाव करता येत नाही. रात्रभर पडून मी तो प्रयत्न करून पाहिला.

रविवारी दुकान बंद. सोमवारी दुपारी माझी गाडी होती. सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. म्हाताऱ्यानं मला ओळखलं, मान हलवली, खण आणला आणि उरलेला निम्मा आकडा लिहिला. एक पै वाढवली नाही. आमच्याकडे परत आलेल्या गिऱ्हाइकाला कुणी असं सोडलं नसतं. मी सवयीनं पेन्सिल उचलली. त्याबरोबर त्यानं बोटानं सुरांची ओळ मधोमध वेगळी करायला सुरुवात केली. मी पेन्सिल खाली ठेवली.

पैसे मोजून झाल्यावर मी एक सूर उचलला आणि ओठांजवळ नेऊन थांबलो. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आतून एक स्टूल आणलं, माझ्यासमोर ठेवलं, शेजारी स्पिरिटची बाटली आणि स्वच्छ फडकं ठेवलं आणि बसा म्हणून खूण केली. मी बसलो. एकेक सूर मी फुंकायचा, तो कान तिरका करून ऐकायचा, घ्यायचा, पुसायचा, कागदात गुंडाळायचा. एका सुरावर दोघांचीही कपाळं एकदमच आकसली. त्यानं तो बाजूला टाकला आणि आतून दुसरा आणून दिला. आमचं तेवढंच बोलणं झालं.

सगळ्यांत जाड खर्ज शेवटी फुंकला. तो दातांतून हनुवटीत उतरला आणि बोटांना कळला. देशी सुराला हे जमत नाही, हे मला त्या स्टुलावर मान्य करावं लागलं. म्हणजे पुण्याचे मालक खरं बोलत होते. इतकी वर्षं मी त्यांना खोटं ठरवायला निघालो होतो आणि माझे सगळे पैसे त्यांचं म्हणणं खरं ठरवण्यात गेले. पण त्यांनी त्या कपाटाचं कुलूप काढून, फक्त एकदा, मला असं समोर बसवलं असतं तर? हा राग नवा होता, आणि पहिल्यापेक्षा मोठा. पुडकं बंडीच्या रिकाम्या खिशात मावेना, म्हणून छातीशी धरून मी स्टेशनावर गेलो.