गुंडीच्या पोटावर टाका नव्हता

शालनआक्का आमच्या शेजारच्या. बेनाडीत त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे. त्यांच्याकडे भांडं पडलं तरी आमच्याकडे कळतं. त्यांचे यजमान जिनदत्तअण्णा वारल्यावर त्या घरात दोघंच उरली, आक्का आणि त्यांचा मुलगा वृषभ. वृषभचं निपाणीत खत-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर तो तिकडे, आक्का इकडे एकट्या.

अण्णा गेले त्याच वर्षी एक तपकिरी पिल्लू कुठूनसं येऊन त्यांच्या घरामागच्या परड्यात बसलं. आक्कांनी दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा वाटीभर दूध ठेवलं. "शर्टाच्या गुंडीएवढी हाय नव्हं ही," म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं. कुत्री घरात घ्यायची नाहीत असा त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा नियम होता. गुंडी आधी परड्यात होती, मग सोप्यात आली, मग आक्कांच्या कॉटखाली. दूध-भाकरीवर वाढली. आक्का दिवसभर तिच्याशी बोलत असायच्या. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, आज कोण आलं होतं, शेंगा कशा लागल्यात, वृषभचं लग्न का जमत नाही. मला भिंतीपलीकडून वाटायचं, फोनवर कुणाशी बोलताहेत.

गेल्या उन्हाळ्यात गुंडीचं खाणं बंद झालं. पाणी मात्र सारखं प्यायची. पोट हळूहळू फुगत चाललं होतं. वृषभ दुकानात अडकला होता, म्हणून रिक्षा करून आक्कांबरोबर मीच निपाणीला गेले. मी तिथल्याच एका शाळेत कन्नड शिकवते, जनावरांचा सरकारी दवाखाना मला माहीत होता. डॉक्टर टेबलामागे बसले होते.

"पाणी लई पिती ओ डॉक्टर," आक्का म्हणाल्या, "आणि पोट बघा की, कसं झालंय."

डॉक्टरांनी टेबलामागूनच मान उंचावून पाहिलं. "गॅस झालाय." आणि कंपाउंडरला इंजेक्शनाचं नाव सांगितलं.

"जरा हात लावून तरी बघा."

"आजी, रोज इतकी जनावरं बघतो मी. लांबनं कळतंय मला."

इंजेक्शन झालं. पुढच्या काही दिवसांत आक्का आणखी दोन-तीनदा जाऊन आल्या. दर वेळी तेच. गुंडीला खाली फरशीवर धरायचं, कंपाउंडर सुई टोचणार, डॉक्टर टेबल सोडणार नाहीत. शेवटी एके सकाळी गुंडीला उठताच येईना, तेव्हा वृषभने गाडी काढली. मी शाळेसाठी त्याच गाडीतून गेले. त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा टेबलामागून बाहेर आले. त्यांनी पोट दाबलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"गर्भाच्या पिशवीत पू झालाय. ऑपरेशन करावं लागंल. ठेवून जावा."

"मी बसतो हितंच," आक्का म्हणाल्या. "एका कोपऱ्यात बसतो. कुणाला तरास न्हाय द्यायचो."

डॉक्टरांनी बसू दिलं नाही. वृषभ त्यांना समजावून घरी घेऊन गेला. गुंडीने त्यांच्या लुगड्याचा काठ दातात धरला होता, तो मी सोडवला.

दुपारी मला शाळेत वृषभचा फोन आला. ऑपरेशन करतानाच गेली, डॉक्टर म्हणाले. आक्कांनी दवाखान्यात फोन लावला, तर डॉक्टरांनी त्यांनाही तेच सांगितलं.

मी घरी पोचले तोवर त्याने गुंडीला पोत्यात घालून आणलं होतं आणि तो शेताच्या बांधावर खड्डा काढायला गेला होता. आक्कांनी तिला पोत्यातून बाहेर घेतलं. अण्णांचं एक मऊ धोतर जपून ठेवलेलं होतं, त्यात तिला गुंडाळायचं होतं. त्यांनी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसलं, पाय पुसले, पोट पुसलं. मग हात थांबला.

"त्रिशला, हिकडं ये जरा."

मी वाकून पाहिलं.

"टाका कुठं हाय?"

पोटावर टाका नव्हता. चीर नव्हती. केससुद्धा काढलेले नव्हते. पुढच्या एका पायावर तेवढे बोटभर केस भादरलेले होते आणि तिथे सुईचा ठिपका होता. आक्का त्या ठिपक्यावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. वृषभ आला तेव्हा त्यांनी त्यालाही दाखवलं. तो म्हणाला, "आई, झाक आता तिला. ऊन वाढालंय."

तीन-चार दिवसांनी आक्का कोरा कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "कन्नडात लिव. बेळगावच्या ऑफिसात द्यायचाय."

वृषभला हे पटलं नाही. तो माझ्याच सोप्यात आईशी भांडला. "मेलेली काय परत येणार हाय? त्या डॉक्टरकडं येणारी माणसं माझ्या दुकानात येत्यात. कशाला वैर घेतीस?"

"वैर न्हाय रं. त्यानं तिला हात लावला न्हाय, आणि माझ्यासंगं खोटं बोलला. एवढंच लिवायचं हाय."

मला तेव्हा वाटलं, हा दुकानाला भितो आहे. मनातून थोडा राग आला त्याचा.

अर्ज मी लिहिला आणि जिल्ह्याच्या पशुखात्याच्या ऑफिसात दिला. पाऊस लागून पेरण्या उरकल्यावर चौकशीला बोलावणं आलं. वृषभने गाडी काढली. मी येतो म्हणाला. संकेश्वरजवळ चहाला थांबलो, तर त्याचा चहा गार झाला. आक्का मागच्या सीटवर डोळे मिटून जपमाळ ओढत होत्या.

चौकशी करणाऱ्या अधिकारी बाई होत्या. मराठी मोडकं बोलायच्या, पण आक्कांना पहिल्यांदा खुर्ची दिली, पाणी दिलं. डॉक्टर समोर बसले होते. बाईंनी अर्ज वाचून विचारलं, आधीच्या भेटींत तपासणी काय केली? डॉक्टर म्हणाले, लक्षणांवरून औषध दिलं. हात लावून पाहिलं का? डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. मग ऑपरेशनचं विचारलं.

"ऑपरेशन केलं नाही," डॉक्टर म्हणाले. "झेपलं नसतं तिला. इंजेक्शन देऊन कायमचं शांत केलं."

मला आक्कांकडे बघायचा धीर होईना.

"कुणाला विचारून?" बाईंनी आवाज चढवला.

डॉक्टरांनी वृषभकडे बोट केलं. "त्यांनाच विचारा. फोनवर हो म्हणालेत. आईला ऑपरेशनात गेली म्हणून सांगा, हेही त्यांचंच."

वृषभ उभा होता. तो खाली बघून बोलायला लागला. "डॉक्टर म्हणाले, तळमळालीय, संध्याकाळपातूर असंच चालणार. आईला विचारलं तर ती कधी हो म्हणणार न्हाय. आमच्या घरात मुंगीवरसुद्धा पाय देत न्हाईत, मॅडम. मला वाटलं, पाप लागायचं ते मला लागू दे. आईला कळायलाच नको."

आक्कांनी जपमाळ पिशवीत ठेवली.

"मी न्हायच म्हटलो असतो," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, घरात बोलतात तसा. "खरं हाय तुझं. न्हाय म्हटलो असतो आणि तिच्याजवळ बसलो असतो. संध्याकाळपातूर तर संध्याकाळपातूर. तिच्या कानात णमोकार मंत्र सांगायचा होता रं मला. तुझ्या अण्णांच्या वेळेला दवाखान्यात आत सोडलं न्हाईत, तवा राहिलं. हिच्या वेळेला तरी..."

वृषभ रडायला लागला. एवढा मोठा माणूस, भिंतीकडे तोंड करून.

अधिकारी बाईंनी फाईल चाळली. मग मला कन्नडमध्ये म्हणाल्या, पहिल्या दिवशी पोट तपासलं असतं तर बहुतेक ऑपरेशन वेळेवर झालं असतं, पण हे आजींना आत्ता सांगू नका. मी नाही सांगितलं. पण आक्कांना कन्नड पुरतं कळतं, हे बाईंच्या ध्यानात नव्हतं.

"तक्रार मागे घेणार का, अम्मा?" त्यांनी विचारलं. "तुमचा मुलगा आहे यात."

"न्हाय. हात न लावता सुया मारल्या, ते कागदावर ऱ्हाऊ दे. ऑपरेशन केलं म्हणून खोटं सांगितलं, तेबी ऱ्हाऊ दे. माझ्या लेकाचं नाव तेवढं घालू नका. ते माझ्या घरातलं हाय."

पण बाईंना ते घालावंच लागलं. डॉक्टरांच्या जबाबात ते होतं. आक्कांनी ऐकून घेतलं आणि कागदावर सही केली.

श्रावण संपता संपता निकालाचा कागद आला. तपासणीत हयगय झाली, मालकिणीला अंधारात ठेवलं, म्हणून डॉक्टरांना लेखी ताकीद दिली होती आणि पुढची कारवाई बेंगळुरूच्या वरच्या ऑफिसावर सोपवली होती. मी वाचून दाखवला. आक्का तांदूळ निवडत होत्या. "बरं," म्हणाल्या, आणि निवडत राहिल्या. दवाखाना चालूच आहे. परवा आमचीच म्हैस आजारी पडली तेव्हा ह्यांनी त्याच डॉक्टरांना बोलावलं. दुसरं कोण आहे जवळ? ते आले, आणि म्हशीला नीट हात लावून पाहिलं. मी ते आक्कांना सांगितलं नाही.

मग दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस संपल्यावर क्षमावाणीला बस्तीच्या अंगणात आम्ही सगळे जमलो. लहानमोठं न बघता प्रत्येकाने प्रत्येकापुढे हात जोडायचे, वर्षभरात काय चुकलं असेल त्याची क्षमा मागायची. वृषभ सगळ्यांची क्षमा मागून शेवटी आईपुढे आला आणि तिथल्या चिखलट फरशीवर गुडघे टेकले.

आक्कांनीही हात जोडले. "मीबी चुकलो असंन. उत्तम क्षमा." त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "सकाळी त्या डॉक्टरालाबी फोन केलतो. क्षमा म्हटलो. तो म्हणाला, चालतंय, चालतंय आजी, आणि ठेवला."

वृषभ तसाच बसला होता. "मग घरात माझ्यासंगं जेवाय बस की आई. किती महिने झालं."

तेव्हा मला कळलं. दिवस मावळायच्या आत आक्का एकट्याच जेवून घेत होत्या आणि त्याचं ताट झाकून ठेवत होत्या. भिंतीपलीकडून एवढं ऐकू येत नाही.

"क्षमा केलो रं," आक्का म्हणाल्या. "मनापासनं केलो. पण ताटावर बसलो की तू फोनवर हो म्हणालेलं ऐकाय येतंय. घास जात न्हाय. थांब आणि थोडं."

त्यांनी त्याला हाताला धरून उठवलं, त्याच्या गुडघ्यावरचा चिखल पदराने पुसला, आणि चपला घालून आमच्याबरोबर घराकडे चालू लागल्या. वृषभ बस्तीच्या पायरीवर बसून राहिला.