धाकट्या मामींची शेवटची फळी

माझ्या धाकट्या मामी अमेरिकन आहेत. त्या निसर्गचित्रं रंगवतात, आणि लाकडी फळीवर चित्र कोरून, शाई लावून त्याचे कागदावर छाप काढतात. मुरगूडला, माझ्या आजोळी, त्यांच्या कामाची चौकशी एकदाच झाली. बायको चित्रं काढते, असं धाकट्या मामांनी सांगितल्यावर थोरल्या मामांनी विचारलं, पण करते काय? कॉलेजात शिकवते हे कळलं आणि विषय संपला.

धाकटे मामा मातीचा अभ्यास करायला तिकडे गेले आणि तिकडेच राहिले. मामींचे वडील गहू पिकवायचे. एका उताराची माती खाली येता येता रंग का बदलते, हे विचारायला मामी मूठभर माती घेऊन मामांच्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. उत्तर लांबलं. पुढे लग्न झालं.

सुरुवातीला त्या तैलरंगात काम करत. मग एका शिक्षकाने हातात पटाशी दिली आणि बरीच वर्षं त्यांनी रंगाला हात लावला नाही. त्यांची चित्रं म्हणजे मोकळी मैदानं, बुटक्या टेकड्या, नांगरलेल्या रेघा आणि वर पुष्कळ आभाळ. ती आधी बँकांनी आणि दवाखान्यांनी घेतली. त्यांत कुणी हरकत घ्यावी असं काही नसतं, हे कारण मामी स्वतःच सांगतात. संग्रहालयं नंतर आली.

मराठी त्या मामांकडून शिकल्या. मामा शाळेसाठी ज्या वयात मुरगूड सोडून गेले, त्या वयाची ती मराठी आहे. त्यामुळे त्या सगळ्यांना 'तू' म्हणतात. घरी आलेल्या तलाठ्यालाही त्यांनी "बस की, उभा का?" असं विचारलं. तो बसला.

धाकटे मामा वारल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्या एकट्या आल्या. त्यांच्या राज्यातलं एक संग्रहालय त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन भरवणार होतं. शेवटची खोली त्यांनी रिकामी ठेवायला सांगितली होती. तिथे मामांच्या मुरगूडच्या रानाचं, म्हणजे शेताचं, चित्र लागायचं होतं. मामींच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर जात चालली होती आणि यानंतर कोरकाम जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्या संध्याकाळी चहा घेताना त्यांनी हे सगळं एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

येताना त्यांनी चेरीच्या लाकडाची एक फळी आणली होती. घराच्या पुढच्या सोप्यात बसून, मान तिरकी करून, नजरेच्या कडेने बघत त्या कोरायच्या. ऊस, विहिरीवरच्या मोटारीची खोली, मागे डोंगर. थोरले मामा रोज डोकवायचे. एक दिवस म्हणाले, "रान हाय, पीक हाय. मालक कुठाय?"

"जेवायला गेलाय," मामी म्हणाल्या.

फळी पुरी झाली ती नवरात्रातल्या अष्टमीला. दुसऱ्या दिवशी शाहूपुरीतल्या डॉक्टरांना डोळे दाखवायचे होते, म्हणून मी त्यांना सकाळीच कोल्हापूरला नेलं. तो दिवस खंडेनवमीचा होता.

खंडेनवमीला आजोळी सगळी अवजारं पुजतात. पुजायच्या आधी ती धुतात. कोयते, खुरपी, म्हशींची धार काढायचं यंत्र, ट्रॅक्टर, सगळं. थोरल्या मामींना, म्हणजे अक्कांना, धाकट्या जावेचं सामान तेवढं कसं वगळावं हे कळेना. त्यांनी पटाशा धुतल्या. मग फळी घेतली. कोरलेल्या खाचांत लाकडाचा भुसा अडकलेला दिसला, म्हणून ती सोड्याच्या गरम पाण्यात भिजवली, काथ्याने घासली आणि वाळायला पत्र्यावर उन्हात ठेवली. वाळल्यावर ट्रॅक्टरशेजारी मांडून तिला कुंकवाची पाच बोटं ओढली.

आम्ही दुपारी परत आलो तेव्हा फळी पन्हाळीसारखी वाकलेली होती. डोंगरापासून वरच्या कडेपर्यंत, आभाळातून, एक चीर गेली होती.

मामींनी फळीवरून बोट फिरवलं. अक्का दारात उभ्या होत्या. थोरल्या मामांनी ऊन फार होतं इथपासून लाकूडच परदेशी इथपर्यंत कारणं सांगितली. अक्कांनी त्यांना थांबवलं.

"माझ्या धुण्यानं झालं का गं?"

"व्हय," मामी म्हणाल्या.

अक्का खाली बसल्या. थोरले मामा म्हणाले, गल्लीतच सुतार आहे, भुसा आणि गोंद भरून चीर अशी बुजवेल की दिसणार नाही. मामींनी थोडा विचार केला.

"नको. मग आभाळ सुताराचं हुईल."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी छाप काढायला घेतले. वाकलेली फळी कुठल्याही यंत्रात दाबली असती तर दुभंगली असती. म्हणून शाई लावलेल्या फळीवर कागद ठेवून तो मागून चमच्याने घासायचा असं ठरलं. त्याला जोर लागतो. मामींच्या मनगटात तो नव्हता, माझी घासण्याची पद्धत त्यांना आवडली नाही. त्यांनी अक्कांना हाक मारली. अक्का यायला तयार नव्हत्या. आल्या तेव्हा चमचा अगदी हलका फिरवू लागल्या.

"जोर दे, अक्का. आता बिघडायचं काय ऱ्हायलंय?"

अक्कांनी जोर दिला. भांडी घासलेला हात होता. कागद उचलला. ऊस आला होता, मोटारीची खोली आली होती. जवळच्या मातीतल्या बारीक रेघा काथ्याने बोथट झाल्या होत्या आणि आभाळात एक पांढरी रेघ उभी होती. मामींनी कागद खिडकीशी नेला आणि डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलवून बराच वेळ पाहिला.

"टाकायचा का?" अक्कांनी विचारलं.

"न्हाय. दुसरा कागद आण."

संध्याकाळपर्यंत दोघी बसल्या होत्या. चीर रुंद होत खाली उतरत गेली. ती फळीच्या खालच्या कडेजवळ पोचली, तेव्हा मामींनी थांबायला सांगितलं.

छाप प्रदर्शनाच्या शेवटच्या खोलीत लागले. या व्यवसायात चित्र कुणी कोरलं आणि छाप कुणी काढले, दोन्ही नावं लिहितात. मामींनी अक्कांचं नाव दिलं होतं. त्याआधी संग्रहालयाकडून मला निरोप आला होता, मुद्रणकर्तीचा थोडक्यात परिचय हवा आहे: शिक्षण, अनुभव, याआधीचं काम. मी आजोळी फोन करून अक्कांना विचारलं, काय कळवू?

अक्का गोठ्यात होत्या. म्हणाल्या, "घरचीच हाय म्हणून सांग."

मी तेवढंच कळवलं. भिंतीवर तेवढंच लिहिलं आहे.