मृगाचे तीन तारे आणि आमचा नांगर

मित्रहो, सध्या ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावी आलोय. मघाशी अंगणात जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहूनच टाकतो.

संध्याकाळी आम्ही शेकोटीशी बसलो होतो. मी लेकीला मृगाच्या पोटातले ओळीतले तीन तारे दाखवले. म्हटलं, हे निळे आहेत, म्हणजे सूर्याहून कितीतरी मोठे आणि तापलेले. म्हणूनच असे तारे लवकर जळून संपतात.

"पण बाबा, थंड पाण्याच्या नळावर निळं असते ना?"

मी तिला गॅसच्या निळ्या जाळाचं सांगत होतो, तेवढ्यात माझे वडील म्हणाले, "तुमी काई म्हणा, आमी त्याले नांगर म्हणतो."

"आजोबा, नांगर कसा असते?"

बैल विकून ट्रॅक्टर लावायला लागल्यापासून आमचा लाकडी नांगर गोठ्यात पडून होता. वाळवी लागली म्हणून आज दुपारी आम्ही दोघांनी तो फोडला. शेकोटीत तोच जळत होता.

वडिलांनी जाळाकडे पाहिलं, मग हात वर केला.

"तसा असते, बेटा. आता तेवढाच राह्यला."

तुमच्याकडे या तीन ताऱ्यांना काय म्हणतात? आणि ती वस्तू घरात अजून आहे का?